हातचा

वीस पानं लागतात.
शेवटच्या वीस फेऱ्या, त्यांतल्या उत्तम आठ,
त्यांची सरासरी. उरलेल्या बारा
असतात आणि नसतात,
लग्नाच्या फोटोतल्या मागच्या रांगेसारख्या.

मोरी फर्थच्या वाऱ्यात, क्लबहाउसच्या मागल्या खोलीत
हीटरला पाय लावून
सोळा वर्षं मी हेच समजावत आलेय:
फटक्यांतून मैदानाचे सत्तर वजा करा,
उरेल त्याला एकशे तेरानं गुणा,
आमच्या मैदानाच्या अवघडपणानं, एकशे एकवीसनं, भागा.
एकशे तेराच का, विचारू नका.
टपाल कचेरीत तीस वर्षं काढली,
शिक्का गोलच का, तिथेही कुणी विचारलं नाही.

दयाही आहे नियमात.
सातव्या होलच्या बंकरमध्ये अकरा मारलेत?
सातच लिहा. एका खड्ड्यात
माणसानं किती बुडावं, याला मर्यादा आहे.

तर मर्डो गेडीज जुलैनंतर कार्डच देईना.
खेळायचा रोज. बुटांतली वाळू माझ्याच पायपुसण्यावर.
लोक चांगली कार्डं दडवतात,
हॅंडिकॅप फुगलेला राहावा, नाताळचा टर्की जिंकावा म्हणून.
हा वाईट दडवत होता.
चौऱ्याहत्तराव्या वर्षी पंधरा पॉइंट एक मिरवायला?

मी त्याची वीस पानं काढली.
सगळ्यांत तळाशी त्र्याऐंशी. हिशेबानं बारा पॉइंट एक.
चौदाव्या होलवर चक्क दोन.
मार्करच्या जागी इनिस कॅटनाकची सही,
शेवटचं अक्षर शेजारच्या रकान्यात घसरलेलं.
तेव्हाच कळायला हवं होतं.
इनिस आता नेर्नला असतो, त्या घरात,
जिथे चहा झाकणाच्या पेल्यात देतात.
मर्डो दर गुरुवारी जातो.
इनिस त्याला प्लंबर समजतो.

एकविसावं पान आलं की पहिलं गळतं.
नियम आहे. मी केलेला नाही.

नोव्हेंबरात आला. कार्ड ओलं, एक्क्याण्णव.
म्हणजे एकोणीस पॉइंट सहा. आठांत बसणार नाही,
स्वतः मोजलं न जाता
मोजलेल्याला तेवढं कड्यावरून ढकलेल.
"टाक," म्हणाला. टोपी काढली नाही.
मी बटण दाबलं.
नववं पान आठांत आलं.
पंधरा पॉइंट एकचं पंधरा पॉइंट आठ.

"म्हणजे?"
म्हणजे आपल्या मैदानावर सोळाऐवजी सतरा.
एक फटका जास्त मिळेल तुला.

तो हीटरकडे बघत राहिला.
"चाळीस वर्षांत," म्हणाला,
"वीतभर अंतराचा पटसुद्धा सोडला नव्हता त्यानं मला."

दार वाऱ्यानं पुन्हा उघडलं, मी उठून लावलं.
सवयीनं कागदावर पडताळा घेतला.
जुळेना. मग दिसलं,
हातचा एक घ्यायचा राहिला होता.