बंदीतला अभ्यास

जूनच्या एक तारखेला होडी वर ओढली
आणि दोन तारखेपासून मी शमिकाचा मास्तर झालो.
सुहासिनी साडेआठला काजूच्या कारखान्यात निघते,
उंबऱ्यातून एवढंच म्हणते,
"चेडू नि दूध, दोगांवर नदर ठेव."
पहिल्याच दिवशी दूध उतू गेलं.

मग स्वयंपाकघरापासून सुरुवात केली.
आडाळो झोपलेला असला तरी त्याला ओलांडायचं नाही.
"तो झोपेत चावता?"
चावतो. हा बघ माझा अंगठा.
ती अंगठा उलटसुलट करून बघते,
आणि वीस वर्षांच्या जुन्या वणावर
फुंकर मारते.

चपलेत पाय घालण्याआधी चपलेला विचारायचं, आत कोण?
उपडी करायची, आपटायची, मग घालायची.
गडग्याच्या फटीत हात नाही.
फुरसं चिऱ्याच्याच रंगाचं असतं,
पण चिरा श्वास घेत नाही, फुरसं घेतं—
हे सांगितलं आणि पस्तावलो.
दुसऱ्या दिवशी बघतो तर
गडग्याशी उकिडवी बसून
ही एकेका दगडाला कान लावतेय.
उचलून आणली. माझेच पाय लटपटत होते.
नवा नियम: दगडांचं ऐकायचं ते पडवीतून.

मागच्या खोलीत काजूबियांचं पोतं आहे,
त्याला मात्र ती बोटसुद्धा लावत नाही.
तो धडा माझा नव्हे.
रात्री आईच्या काळ्या पडलेल्या, सोललेल्या बोटांना
खोबरेल कोण लावतं मग?

आकडे बोयांवर शिकवतो, जाळं दुरुस्त करता करता.
एक, दोन, तीन, पाच.
चार तिला आवडत नाही.
का, ते सांगत नाही.
माझ्या फोन नंबरात दोन चार आहेत,
म्हणजे हरवली तर
आठ आकड्यांवरच शोधावं लागणार मला कुणीतरी.
नाव विचारलं तर शमिका गोविंद खवणेकर,
गाव विचारलं तर "आमचाच".

विहिरीचं तोंडी सांगून भागेना.
कडेवर घेऊन, कठड्यापासून हातभर मागे उभा राहून
एक किडका नारळ आत सोडला.
आवाज वर यायला वेळ लागला.
तिने माझी कॉलर धरली
आणि घरात येईपर्यंत सोडली नाही.

पण सगळ्यात मोठा नियम एकच:
हाक मारली की ओ द्यायची.
खाटेखाली असो, हौदामागे असो,
रुसलेली असो, तोंडात घास असो, ओ.
हा तिने इतका मनावर घेतला
की लपाछपीत रोज हरते.
"शमे, खंय गेलंस?"
"ओ!"
कणगीमागून.

जुलै संपला. डिझेल भरून आणलं,
बर्फाचं सांगून झालं, जाळं खळ्यात पसरलं.
ती भोवती फिरत राहिली, हात मागे बांधून,
मी फिरतो तशी.
"होडयेक कठडो आसा?"
नाय गो.
"मगे काठार बसा नको."
नाय बसणार.
"चप्पल आपटून घाल."
होडीत चप्पल घालत नाय.
यावर तिने बराच विचार केला.
"मी हाक मारलंय तर ओ दितलंस?"

आठ वाव पाण्यापुढे रेंज जाते.
मी दोर गुंडाळत राहिलो.

ती उत्तरासाठी थांबली नाही, परीक्षाच घ्यायला लागली.
तुळशीजवळून, "बाबा!"
ओ.
शेवग्याच्या पलीकडून, "बाबा!"
ओ.
बेड्यापर्यंत गेली. बेड्याबाहेर एकटीने जायचं नाही,
म्हणून तिथेच थांबली, पायाची बोटं आतल्या बाजूला ठेवून,
आणि मुद्दाम, अगदी हळू हाक मारली.
समुद्र उधाणावर होता, ऐकू काही आलं नाही,
नुसते ओठ हलताना दिसले.

ओ, मी म्हटलं.