मी, आणि पुढे रिकामी जागा

मानसशास्त्राच्या दोन मुली आल्या आमच्या वर्गात,
इलेक्ट्रॉनिक्सचं लेक्चर अर्ध्यावर तोडून,
झेरॉक्सचा अजून गरम असलेला गठ्ठा घेऊन.
‘नाव नको,’ म्हणाल्या. ‘फक्त खरं लिहा.’

मी ........ आहे.
खाली पुन्हा, मी ........ आहे.
अशा वीस ओळी.

मी मुलगी आहे. मी कोपरखैरण्याची आहे.
मी मढवींची धाकटी. मी डावखुरी.
पाचव्या ओळीत ‘हुशार’ लिहिलं
आणि खोडलं, कागद फाटेस्तोवर.

दहावीला माझा फ्लेक्स लागला होता गावठाणात :
एक्क्याण्णव टक्के, दोन वेण्या,
खाली बारा शुभेच्छुक, त्यांतले सात अनोळखी.
तो आता बाबांच्या स्कूटरवर पांघरलेला असतो.
माझ्या हनुवटीच्या खळग्यात पाणी साचतं,
आई काठीनं ढकलून सांडते.
गणित तीन तिसऱ्यांदा राहिलं
तेव्हापासून मी तिकडे न बघता चप्पल घालते.

शेजारच्या दानिशनं वीसही ओळींत
नुसतं ‘थकलेला’ लिहिलं होतं,
दर वेळी वेगळ्या अक्षरात.
मी हसले. तो नाही.

पान दोन. ताण आला की तुम्ही काय करता?
बोलता. झोपता. देवाचं नाव घेता.
उपाय शोधता. इतर.

इतर.
बाबा धारण तलावाच्या दारांवर रात्रपाळीला,
ठेकेदाराकडे. खिशात भरतीच्या वेळांचा
घडीवर झिजलेला कागद.
उधाणाच्या एका रात्री डबा घेऊन गेले,
अख्ख्या नोडचं पाणी तळ्यात चढत होतं.
‘उघडत का नाही?’
‘आता उघडलं तर खाडीच आत येईल,’
म्हणाले, आणि भाकरी मोडली.
‘मग?’
‘मग काय. ओहोटी लागेल की.’
काठोकाठ होतं, तेव्हा त्याला तळं म्हणत होते.
पहाटे उरला गाळ, एक चप्पल, चार बगळे.
तेव्हाही तळंच म्हणत होते.

हे ‘इतर’पुढच्या दीड इंचात मावेना.
लिहिलं : डबा देते.

मुलगी कागद गोळा करत आली.
‘भोक पडलंय,’ म्हणाली.
‘चालेल ना?’
तिनं माझा दानिशच्या कागदावर ठेवला.
भोकातून खालचं अक्षर दिसत होतं,
थ, आणि अर्धा क.

मी त्याच्याकडे वळले.
‘आज उधाण आहे,’ म्हटलं.
‘तळं बघायला येतोस?’