ग्राव

वाळपईच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
काम काय करता?
म्हटलं, हुर्राक गाळतो.
त्या हसल्या नाहीत. बरं वाटलं.

लिवर बघायला आधी रक्त काढलं,
मग लिहून दिली गोळी, सकाळी, पेज जेवल्यावर.
म्हणाल्या, हिच्यामुळे दारू आपोआप सुटत नाही,
दारूतली गंमत सुटते. बाकीचं तुम्ही.

आधीचं मी सांगितलं नाही.
दोन वर्षांमागे शेवंतीने कुठून तरी पूड आणली,
उडदमेथीत कालवली. मेथीच्या कडूत कोणाला कळतंय.
भाटीवर दोन घोट घेतले आणि तोंड रातांब्यासारखं लाल,
छातीत ढोल. केळीच्या मुळाशी ओकत पडलो.
वाटलं, देवचाराने धरलं.

दुसऱ्या दिवशी त्याला रोट ठेवला, विडी ठेवली,
आणि बाटली, पहिल्या धारेची.
शेवंती मागे उभी. पदराचं टोक पिळत होती.

पुढे तांदळाच्या डब्यात हात घातला तेव्हा
पुडीचा कागद लागला.
मी तो होता तिथेच ठेवला.

बाप ग्राव जिभेवर मोजायचा.
यंत्र फसवतं, म्हणायचा, जीभ नाही.
सेहेचाळिसाव्या वर्षी गेला.
जीभ शेवटपर्यंत खरी होती त्याची.

मला तीन दिवस मळमळलं.
आठव्या दिवशी भाटीवर घोट घेतला. घेतला, खोटं कशाला.
धूर, काजू, मडक्याची माती,
सगळं जागच्या जागी.
पण ओळखीच्या घरासमोर हाक मारावी
आणि आतून कोणी ओ देऊ नये, तसं झालं.
ग्लास अर्धा राहिला. त्यात एक मुंगळा पडला,
त्याला काडीने काढत किती वेळ बसलो.
रडलो थोडा. कशासाठी ते
डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही.

आता सकाळी गोळी गिळून
मी शेवंतीपुढे तोंड उघडतो, जीभ उचलून दाखवतो.
ती म्हणते, मला काय दाखवता, पेज निवते.
डब्यात परवा हात घातला.
नुसते तांदूळ.

बोंडू तुडवून झालेत. बाबुलोने लाकडं रचलीत.
संध्याकाळी गिऱ्हाईक येईल, विचारेल,
यंदा कशी उतरलीय?
मी ग्लास उजेडाकडे धरून
फेस किती टिकतो ते बघेन,
आणि म्हणेन,
तुम्हीच सांगा.