जानेवारी संपत नाही

सहा संगणक, नऊ मुलं, आणि वीज, तिच्या मर्जीनं.
म्वान्झाच्या खडकांत टेकलेल्या आमच्या तंत्रशाळेत
नवा अभ्यासक्रम आला:
रेघ आता पडद्यावर मारायची.
मी माझी टी-पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली,
हत्यार ठेवतात तशी.

मग भाव विचारला.
विकत नाही म्हणाले, भाड्यानं मिळतं, वर्षाच्या बोलीवर.
तो आकडा मी शिलिंगात केला,
मग सुक्या दगाच्या डब्यांत
(करंगळीएवढी मासळी, तळ्यातली; आमच्याकडे हिशेब तिच्यातच कळतो)
आणि डबे मोजता मोजता थांबले.
एका रेघेसाठी माणसानं किती मासे द्यावेत?

मसांजानं बसस्टँडामागून पेनड्राइव्ह आणला.
"कुलूप फोडलेलं आहे, मॅडम. अगदी नवं."
चार नंबरच्या संगणकानं तो गिळला
आणि दुसऱ्या दिवशी डोळे पांढरे केले.
मसांजाला मी रागावले नाही.
तीन हजार शिलिंग त्यानं स्वतःच्या खिशातले घातले होते,
आणि तो आठवडाभर दुपारी जेवत नव्हता
हे मला न्यामिझीनं सांगितलं.

मग तीस दिवसांची फुकट चव.
एकोणतिसाव्या दिवशी न्यामिझीनंच घड्याळ मागं फिरवलं.
पाचही पडद्यांवर पुन्हा जानेवारी.
बाहेर ईद झाली, माझ्या भावाला मुलगी झाली,
आत आम्ही जानेवारीतच भिंती उभारत होतो,
दारं बसवत होतो, जिने चढवत होतो.
मे महिन्यात त्याला आमची लबाडी कळली.

विद्यार्थ्यांना मोफतही असतं म्हणे,
फक्त शाळेच्या नावाचा ईमेल हवा.
आमच्या शाळेचं नाव पत्र्याच्या पाटीवर आहे.
तेही निम्मं गंजलेलं.

शेवटी सापडलं ते लहानसं,
कुणीकुणी मिळून लिहिलेलं, पैसे न मागणारं.
कंस काढायला सांगितला
तर म्हाताऱ्या कारकुनासारखा चष्मा शोधतं.
तिसरी मिती नाही, सावली नाही.
नसू दे.
नवशिक्याला सावली कशाला,
आधी रेघेला रेघ भेटू दे.

काबुलानं त्यात बापाची होडी काढायला घेतली.
बाप होडी बांधतो नजरेनं आणि वितीनं,
कागद त्याच्या वाटेला कधी गेला नाही.
प्रोग्रामनं एकक विचारलं: मिलिमीटर की इंच?
यादीत वीत नव्हती.
ती संध्याकाळी घरी गेली,
झोपलेल्या बापाचा पंजा मोजून आली,
दोनशे सव्वीस.

अर्धी होडी झाल्यावर मी म्हटलं, आता आरसा लाव,
दुसरी बाजू आपोआप येईल. चार तास वाचतील.
"नाही येणार, मॅडम.
डावी बाजू दोन बोटं जास्त आहे.
जाळं तिकडून ओढतात."
तीस वर्षं मी मध्यरेषा शिकवते आहे.
मुकाट्यानं खुर्ची ओढून बसले.
तिनं उजवी बाजू काढली, फळी फळी करून,
मध्ये दोनदा वीज गेली,
एकदा साठवायचं राहिलं होतं.

छपाई झाल्यावर बाप शाळेत आला, हाताला रंद्याचा भुसा.
कागद त्यानं उलटा धरला, मग सुलटा,
मग पाठीमागं काही आहे का ते पाहिलं.
बोटानं सातव्या फासळीवर टकटक केलं:
"ही मी गेल्या वर्षी सरकवली. हिला कुणी सांगितलं?"
कुणीच नाही. तिनं मोजलं होतं.
त्यानं विचारलं, याचे किती द्यायचे?
काही नाही, मी म्हटलं.
त्याचा विश्वास बसला नाही.
दुसऱ्या दिवशी दारात दगाचा एक डबा होता.

पाच संगणकांवर अजून जानेवारीच आहे.
तारीख दुरुस्त करायची राहून गेली.