पान बारावर, पेन्सिलीने

ईस्टरला आमच्याकडे डोंगरावर जाऊन खून वाचतात.
हसू नका, देशाचा रिवाजच आहे:
बर्फ, संत्री, लाकडाची खोली
आणि पहिल्याच प्रकरणात कुणीतरी मेलेलं.
दुधाच्या खोक्यावरसुद्धा एखादी चोरी छापून येते,
न्याहारीला पुरेल एवढी.

बर्गनहून गाडी सकाळची. फिन्सेला उतरून पुढे दोन तास स्की,
म्हणून मी पुस्तकं न्हाणीघरातल्या काट्यावर तोलते.
माणशी दीड किलो. वर एक ग्रॅम नाही.
आर्नस्टाइन म्हणतो, वाण्याची पोर शोभतेस.
मी आहेच वाण्याची पोर,
तेव्हा यावर बोलण्यासारखं काही नसतं.

हिवाळ्यात काय काय वाचलं, आठवून बघते.
हेरिंगवाल्या घराण्याची ती जाडजूड कादंबरी:
नव्वद पानांत तीन लग्नं, आणि मासा एकही नाही.
चुकीच्या बसमधून उतरतात तशी मी उतरले,
ड्रायव्हरकडे न बघता.
शेवाळावरचं मात्र दोनदा वाचलं.
तेव्हापासून मागच्या पायऱ्या धुवायला हात होत नाही.
कवितांचं एक ग्रंथालयातल्या सुनिव्हाने हातात कोंबलं,
"हे कुणी नेतच नाही हो,"
मांजरीचं शेवटचं पिल्लू खपवावं तसं.
ते येणार. एकशे चाळीस ग्रॅम.
पक्ष्यांचं राहू दे, पक्षी वर आहेतच.
एइलिफने, नातवाने, आपल्या वाट्यात
ट्रॅक्टरचा कॅटलॉग ठेवलाय,
आणि त्यावर चर्चा नको म्हणतो.

मग हे.
काळ्या पाठीचं, कोपरे कुत्र्याने खाल्लेले.
सत्तेचाळीस वर्षं मी हे वाचलेलं नाही.
पान बारा, समासात, माझ्या भावाचं अक्षर:
खुनी पाद्री आहे. जा, रड.

मी तेरा वर्षांची, तोर्लेइफ सोळाचा.
वरच्या खोलीत तीन दिवस वादळ,
आणि न वाचलेलं पुस्तक एवढं एकच.
मी संत्रं फेकून मारलं, ते कपाळाला लागलं.

पुढे आमची मोठी भांडणं झाली, बोटीवरून,
आईच्या घरावरून, आणखी कशावरून तरी.
त्यात कोण काय बोललं ते विसरले.
हे विसरले नाही.

नोव्हेंबरात तो गेला.
गुडवेगने स्टाव्हांगरहून तीन खोकी पाठवली,
दोन बोटीच्या सामानाची, एक किरकोळ.
किरकोळमध्ये हे होतं.
म्हणजे त्याने ठेवलं होतं.

काल रात्री काट्यावर टाकलं, नुसतं वजन बघायला.
तीनशे दहा.
उचलताना उघडलं गेलं, आणि मी टबाच्या काठावर बसले.
पाय गार पडले तेव्हा दोन वाजले होते
आणि सत्तराव्या पानावर
पाद्री मरून पडला होता,
चर्चच्या मागे, पाठीत मासे सोलायची सुरी.

पाद्री!
अरे गाढवा,
खोटं लिहिलंस, की तूसुद्धा
बाराव्या पानापुढे कधी गेलाच नव्हतास?
सत्तेचाळीस वर्षं मी त्या पाद्र्यावर डूख धरला.
लग्नाला पाद्री आला तेव्हाही, क्षणभर.

पुढची दीडशे पानं मी बघितली नाहीत.
शेवटही नाही, नुसतं चाळूनही नाही.
ती वर.

आता काटा एक किलो सातशे दाखवतो.
मी कविता काढते, परत ठेवते.
शेवाळ काढते. तरी जास्तच.
मग मोठ्या अंगठ्याने कडेला हलकेच उचलून धरते
आणि मोठ्याने वाचते: दीड.
आर्नस्टाइन दारात उभा, दात घासत.
फेसाने भरलेल्या तोंडाने म्हणतो,
चौतीस वर्षांत पहिल्यांदा काटा मारलास.

मोज्यांच्या घडीत एक पेन्सिल ठेवली आहे, आखूड.
एइलिफ आता जोडाक्षरं अडखळत नाही वाचत.