पन्हा

नातवानं पैसे भरले, म्हणून गेलो.
बावीस माणसं, एक बस,
आणि पुढं निळी छत्री उंच धरून चालणारी पोरगी.
देश बदलला की पोरगी बदलायची,
छत्री टूरवाल्याची, तीच.
गड्ड्याच्या गर्दीत नंदीध्वजाच्या टोकाकडं बघत चालावं
तशी मी छत्रीकडं बघत चालले, पंधरा दिवस.

समुद्र निळा होता.
समुद्राचं तेवढंच सांगते.

एफेससला उघड्यावरचं दगडी नाटकघर.
पंचवीस हजार माणसं बसायची, म्हणाली पोरगी.
बाकीच्यांनी माना मागं टाकल्या.
मी हिशेब केला : दिवसाला हजार विड्या,
म्हणजे पंचवीस दिवस, सुट्ट्या धरून महिना.
तेवढी माणसं दर महिन्याला
माझ्या सुपातून उठून गेलीत.

तिथंच खाली एका देवीचं देऊळ.
एकेकाळी शंभरावर खांब, आता एक,
त्यावर करकोच्याचं घरटं, भोवती डबकं, बदकं.
चप्पल काढायची का, मी विचारलं.
कुणीतरी हसलं.
मी काढली.
दगड तापले होते,
पण आपल्या वैशाखापुढं काहीच नाही.

आमचे हे सारखे मागं राहायचे.
चाळीस वर्षं जॉबर, कानात माग बसलेला,
ओरडलं तरच ऐकू येतं.
पोरगी सांगायची इंग्रजीत,
टूरवाला मराठीत,
मी त्यांच्या कानात तेलुगूत.
दोनदा भाषा बदलून देव यांच्यापर्यंत यायचे,
येईस्तोवर जरा लहान व्हायचे.

कॉरिंथला काचेच्या पेटीत
मातीचे गोळे, भोकं पाडलेले.
छत्री पुढं गेली.
हे थांबले.
काचेवर बोट ठेवलं, पहारेकरी खेकसला,
ह्यांना कुठलं ऐकू येतंय.
"ताण्याची वजनं आहेत," म्हणाले,
"माग उभा असणार. सूत वरून सोडायचं,
खाली हे बांधायचं, म्हणजे ढिलं पडत नाही."
हवेतच हात वरखाली करून दाखवलं,
आणि एका जपानी बाईनं त्यांचा फोटो काढला.

अथेन्सला टेकडीवर ऊन आणि वारा एकदम.
पोरगी सांगत होती :
देवीला नवं वस्त्र लागायचं,
निवडलेल्या मुली नऊ महिने विणायच्या,
मग मिरवणुकीनं वर आणायचं.
मी ओरडले कानात.
हे म्हणाले, "विचार तिला,
पन्हा किती होता?"

टूरवाला लाजला, पण विचारलं त्यानं.
पोरगी थांबली.
खांबांची उंची तिला पाठ होती,
कुठल्या साली काय उडालं,
कुठला दगड कुणी गाडीत घालून नेला,
सगळं.
पन्हा ठाऊक नव्हता.
कुणी विचारलाच नाही आजवर, म्हणाली,
आणि छत्री काखेत धरून
तळहातावर लिहून घेतलं.

विडी घरकुलात परतले तर
भूदेवी सूप मांडीवर घेऊन दारातच.
"देव कुठले कुठले बघितलीस?"
मोडके, म्हटलं.
आणि वस्त्राचं सांगितलं तिला.
ती म्हणाली, आपल्या भावनाऋषींनी नाही का
कमळाच्या धाग्याचं विणलं देवांसाठी.

खरंच की.
लहानपणापासून ऐकतेय,
मार्कंडेयाच्या देवळात दरवर्षी हात जोडतेय,
आणि त्याचाही पन्हा
कधी विचारला नाही मी कुणाला.

शेड रिकामी आहे.
माग गेल्या दिवाळीला भंगारात गेले, किलोवर.
तेलाचे चौकोन राहिलेत फरशीवर.
ह्यांनी खिडकीच्या गजाला सूत बांधलंय, आठ पदर,
प्रत्येकाखाली मागाचाच एकेक जुना नट.
काय करताय विचारलं तर
हात हलवतात, जा म्हणून.

दुपारी वारा सुटला की नट एकमेकांना लागतात.
बारीक आवाज होतो.
मी पानं कापता कापता ऐकते.
त्यांना येत नाही ऐकू.