घर्षणांक

इथे त्याला सेल म्हणतात.
पहिल्यांदा मला ऐकू आलं: सैल.
फार चुकलं नव्हतं माझं.
डोंगराची गाठ सैल होते
आणि दगड, गाळ, बर्फाचे तुकडे, मेंढ्यांची एक अख्खी वाट
खाली यायला निघते, कालवलेल्या सिमेंटसारखी,
पुढे थोर धोंडे, मागे चिखल,
थोरांनी पुढे चालायची रीत पाळत.

मी ते आधीच संगणकात आणून बघतो.
पामीरचा हा तुकडा माझ्याकडे पाच-पाच मीटरच्या चौकोनांत आहे.
ओशुरबेकचं घर चार चौकोनांत मावतं.
छतातला चार चौकटींचा झरोका,
त्याच्याभोवती वाळत घातलेले जर्दाळू,
यातलं काही उपग्रहाला दिसत नाही.
त्याला फक्त उंची दिसते: दोन हजार तीनशे एकोणनव्वद.

वर, हिमनदीच्या तोंडाशी, मी साठ हजार घनमीटर सोडतो.
सकाळपासून एकोणीस वेळा सोडलं.
घर्षणांक शून्य पूर्णांक बारा धरला
तर लाल रंग ओशुरबेकच्या गोठ्यात शिरतो.
पंधरा धरला तर तुतीच्या झाडाशी थबकतो
आणि गाय वाचते.
तीन शतांश.
जाणत्यांच्या कोष्टकात दोन्ही आकडे बसतात.

ओशुरबेक झार्शेदचा पाटकरी, इथल्या भाषेत मिराब.
कुणाच्या वाफ्यात पाणी किती वेळ, हे तो सावली बघून ठरवतो.
दुधाच्या चहात मीठ आणि लोणी ढवळत
तो माझ्या नकाशावर वाकतो.
"गाय लाल, चारा पिवळा.
मग धार कुठल्या रंगात काढायची?"
सब्झबेगीम हसते. मी हसत नाही.
मग मीही हसतो.

मग तो पूल गेला त्या वर्षीचं सांगतो.
भर दुपार, आभाळात ढगाचं बोट नाही,
आणि पाट कोरडा.
"मला वाटलं, वरच्या वाडीनं पाणी चोरलं.
फावडं घेऊन शिव्या देत चढलो.
नाला गप्प. ओल्या गोट्यांवर ऊन पडलेलं.
गारेवर गार घासली की येतो तसा जळका वास.
तिथेच फावडं टाकलं आणि मागे पळालो.
ओरडलो नाही, ओरडायला श्वास लागतो.
पोरांना मानगूट धरून टेकाडावर फेकलं.
चोरीचा संशय आला म्हणून आम्ही जिवंत."

वरचे?

तो पेल्यात बघतो.
"ते पाणी चोरत नव्हते."

रात्री जनरेटरच्या घरघरीत मी पुन्हा समीकरणं उघडतो.
वेगाला अक्षर आहे, खोलीला आहे, उताराला आहे,
तळ खरवडत पोट वाढवत येण्यालाही एक पद आहे.
थांबण्याला नाही.
घळीत कुठेतरी धोंडा अडतो, त्याच्यामागे तळं साचतं,
आणि सेलच्या आधी गावात शांतता पोचते.
नदीवरच्या मापकाच्या जुन्या नोंदींत
तेवढी मिनिटं शून्य आहेत.
यंत्र बिघडलं असणार, असं समजून
गेली सहा वर्षं
मी ती गाळत आलो.

सकाळी ओशुरबेक मला पाटाच्या मुखाशी नेतो.
तिथे तेलाचा रिकामा डबा तारेनं टांगलाय,
धार त्यावर पडते, टण, टणटण, टण.
"याच्या आवाजात झोप येते," तो म्हणतो,
"आणि हा थांबला की जाग."
किती वेळा खोटी जाग आली?
"पान अडकलं की येतेच. शेवाळ, मेलेला उंदीर.
मागच्या हिवाळ्यात अकरा वेळा टेकाडावर जाऊन उभे राहिलो,
सब्झबेगीम रजईसकट."

मी बारा लिहिलं.
गाय हलवावी लागेल, त्याला सांगतो.
"गाय हलेल," तो म्हणतो, "तुती कशी हलवू,"
आणि मध्येच गप्प होतो.
आम्ही दोघेही कान देतो.
डबा एक ठोका चुकतो
आणि पुन्हा वाजू लागतो.
तो वाकून त्यातलं पान काढतो.